पुस्तकाची पायरेटेड पीडीएफ हटवायची आहे? तक्रारीआधी 21 दिवसांचं गणित बघा

आपल्या पुस्तकाची पीडीएफ कुठल्याशा चॅनेलवर फुकट फिरताना दिसली की हात आधी ‘रिपोर्ट’च्या बटणाकडे जातो. ते दाबाच, पण तिथे थांबू नका. भारतात यासाठी कायद्याची वाट आहे: कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 52(1)(सी) आणि कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75.

तक्रार हक्काच्या मालकाला किंवा एकमेव परवाना असलेल्यालाच करता येते. लेखकांनो, प्रकाशकाबरोबरचा करार आधी नीट वाचा. हक्क पूर्णपणे लिहून दिले असतील तर तक्रार प्रकाशकाने करायची. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, सहसा नोकरी देणाऱ्याचा असतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंद असेल तर कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते.

तक्रारीचा अर्ज लेखी हवा. तो प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यायचा. त्याचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. अर्जात कृती, म्हणजे तुमचं पुस्तक, ओळखता येईल असं वर्णन, मालकीचा तपशील आणि ही प्रत बेकायदा कशी, कलम 52 मध्ये परवानगीशिवाय वापराच्या ज्या सवलती आहेत त्यांत ती का बसत नाही, हे लिहा. समीक्षेत दिलेला उतारा त्या सवलतीत बसू शकतो, अख्खी स्कॅन केलेली प्रत नाही. अपलोड करणारा माहीत असेल तर त्याचाही तपशील द्या.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे ठिकाण. “अमुक चॅनेलवर माझं पुस्तक आहे” एवढं मोघम लिहू नका. ज्या पोस्टमध्ये फाइल आहे तिचीच लिंक कॉपी करा, फाइलचं नाव जसंच्या तसं उतरवा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट जोडा. दहा ठिकाणी प्रत असेल तर दहाही लिंका द्या. फाइल हटल्यावर हा पुरावा पुन्हा मिळत नाही. कोर्टात तो दाखवताना भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुरावा खरा असल्याचं, प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

तक्रारीत आणखी एक हमी द्यावी लागते, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते: अपलोड करणाऱ्यावर दावा लावून 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देईन. प्लॅटफॉर्मची खात्री पटली तर तो 36 तासांत त्या मजकुराची वाट बंद करतो, पण 21 दिवसांपुरतीच. तेवढ्यात आदेश पोचला नाही तर त्याला मजकूर पुन्हा खुला करता येतो. वर त्याच कृतीबद्दल, त्याच ठिकाणासाठी तुम्ही पुन्हा तक्रार केलीत तर तिची दखल घेणं त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: वकील, करार, लिंका आणि अंतरिम मनाई हुकुमाचा (निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या बंदीचा) अर्ज तयार झाल्यावरच तक्रार पाठवा.

दाव्यासाठी दूर जायची गरज नाही. कलम 62 मुळे तुम्ही जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. अपलोड करणारा अनोळखी असेल तरी खचू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये अभ्याससाहित्याच्या पायरसी प्रकरणात टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती. तशी मागणी तुमच्याही अर्जात घालायला वकिलांना सांगा.