ओ पेअर

ओ पेअर : परदेशातील एखाद्या कुटुंबात ठरावीक मुदतीपुरते राहून, त्या घरातील मुलांचा सांभाळ व हलकी घरकामे करणारी आणि त्याबद्दल निवास, भोजन व हातखर्च मिळवणारी तरुण व्यक्ती, तसेच अशा वास्तव्याची पद्धत. मूळ फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. ही व्यक्ती घरची नोकर नाही आणि केवळ पाहुणीही नाही, असे त्यातून सुचवले जाते. या पद्धतीविषयीचे बहुतेक वाद याच अधांतरी स्थानातून निर्माण झाले आहेत.

जर्मनभाषक स्विस मुलींनी फ्रेंच शिकण्यासाठी पश्चिम स्वित्झर्लंडमधील घरांत वर्षभर राहून घरकामात हात लावण्याची जुनी रीत हिच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत पश्चिम यूरोपात पसरली. यूरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे केलेल्या करारात १७ ते ३० वर्षे ही वयोमर्यादा, दिवसाला साधारणतः कमाल पाच तास काम आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी असे निकष घालून दिले. मात्र त्याला मोजक्याच देशांनी अनुसमर्थन (सहीनंतर करार बंधनकारक मानण्याची औपचारिक मान्यता) दिले. जर्मनीने सही केली, पण अनुसमर्थन दिले नाही.

तरीही भारतीय तरुणांच्या दृष्टीने जर्मनीच महत्त्वाची आहे. तेथे व्हिसासाठी अर्ज करताना वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली आणि २७ पूर्ण न झालेली असावी लागतात, तसेच जर्मन भाषेचे ‘ए-१’ या सर्वांत प्राथमिक पातळीइतके ज्ञान आवश्यक असते. पुण्यामुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनांत ही परीक्षा देता येते. वास्तव्य किमान सहा महिन्यांचे व कमाल एक वर्षाचे असते. काम दिवसाला सहा आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त नसावे असा दंडक असून, आईवडील बाहेर गेले असता संध्याकाळी मुलांजवळ थांबण्याचा वेळही त्यातच धरला जातो. मुलांना न्याहारी देणे, बालवाडीत पोहोचवणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे अपेक्षित आहेत. घरातील वृद्धांची वा आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांत मोडत नाही. दरमहा २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरोंपर्यंतचे साहाय्य, विमा आणि स्वतंत्र खोली यांची जबाबदारी यजमान कुटुंबावर असते. हातखर्च हे वेतन मानले जात नाही, हे करार करताना नीट समजून घ्यावे लागते.

घरात जर्मन बोलली जाणे बंधनकारक आहे. ती यजमानांची मातृभाषा नसेल, तर ओ पेअर त्यांच्या मूळ देशातून आलेली चालत नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या मराठी दांपत्याला, मुलांच्या कानावर मराठी पडावी एवढ्याच हेतूने, साताऱ्याहून कोणाला या व्हिसावर बोलावता येत नाही. नियम काहीसा कठोर वाटला, तरी भाषा शिकण्याचा उद्देश आणि स्वस्त घरगडी यांतील सीमारेषा त्यामुळे स्पष्ट राहते.

अमेरिकेत १९८६ पासून हा कार्यक्रम सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीच्या ‘जे-१’ व्हिसाखाली चालतो. तेथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम करून घेता येते. संघराज्याच्या किमान वेतनदरानुसार हिशेब मांडून त्यातून निवास-भोजनाची वजावट केल्यावर १९५.७५ डॉलर हे आठवड्याचे किमान मानधन ठरले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र राज्याचा अधिक उंच वेतनदर ओ पेअरनाही लागू होतो, असा निर्णय संघराज्याच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला, आणि पाहुणचाराची भाषा तेथे तरी श्रमकायद्यापुढे टिकली नाही. नॉर्वेत बहुसंख्य ओ पेअर फिलिपीन्समधून येत. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली स्वल्प मोबदल्यात घरकाम करून घेतले जाते या आक्षेपावरून तेथील सरकारने मार्च २०२४ मध्ये ही योजनाच बंद केली.