मांजरांची पंगत बसत नाही

घरात एकाहून जास्त मांजरं असली की बहुतेक ठिकाणी व्यवस्था सारखीच असते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोठी थाळी, तिच्यात सकाळी ओतलेलं ड्राय फूड, आणि ज्याला जेव्हा भूक लागेल त्याने खावं. संध्याकाळी थाळी रिकामी दिसली की सगळी जेवली असं आपण धरून चालतो. पण थाळीवरून किती संपलं एवढंच कळतं, कोणी संपवलं ते कळत नाही. एकाच घरातला बोका सहा किलोंचा आणि त्याच्या सोबतची मांजरी जेमतेम तीन किलोंची का, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे फेलिस लिबिका हे पश्चिम आशियातलं रानमांजर. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून हे नातं पक्कं झालं. हा प्राणी एकटा शिकार करतो. त्याचं भक्ष्य उंदराएवढं, म्हणजे वाटून खाण्याजोगं नसतंच. एका उंदरातून साधारण 30 किलोकॅलरी मिळतात, त्यामुळे पोट भरायला दिवसरात्र मिळून अनेक छोट्या शिकारी कराव्या लागतात. माणसाच्या घरात हजारो वर्षं काढूनही मांजराची ही सवय गेलेली नाही. त्याला थोडं थोडं, पुन्हा पुन्हा आणि एकट्याने खायचं असतं. मांजरांची पंगत बसत नाही, आपण ती बळेच बसवतो.

शेजारी शेजारी तोंड घालून खाणारी मांजरं पाहून आपल्याला कौतुक वाटतं, पण जरा निरखून बघा. एक जण न चावता भराभर गिळत असतो. दुसरी दोन घास खाऊन मागे सरकते आणि लांब बसून अंग चाटू लागते. तिसरा दारात नुसता बसून टक लावून पाहतो. मांजरांच्या जगात असं रोखून पाहणं म्हणजे धाक दाखवणं. ना गुरगुर, ना पंजा, तरी थाळी कोणाची हे ठरून गेलेलं असतं.

त्यात नसबंदीचा भाग येतो. नसबंदी जरूर करावी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ऑपरेशननंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक उलट वाढते. आपण वाटी तीच ठेवतो. वर्षभरात बोका गोल होतो आणि ‘छान बाळसं धरलंय’ म्हणून त्याचे फोटो नातेवाइकांना जातात. लठ्ठ मांजराला मधुमेहाचा धोका सडपातळ मांजराच्या कित्येक पट असतो, सांध्यांवर भार येतो, आणि पाठीपर्यंत जीभ न पोचल्याने कमरेजवळच्या केसांच्या गाठी होऊ लागतात.

लठ्ठपणा डोळ्यांपेक्षा हाताला नीट कळतो. मांजर उभं असताना दोन्ही तळवे छातीच्या बाजूंवर ठेवून बोटं हलकेच फिरवा. पातळ थराखाली बरगड्या एकेक मोजता आल्या तर वजन ठीक. दाबूनही लागत नसतील तर चरबी जास्त, आणि नुसत्या नजरेला दिसत असतील तर मांजर हडकलेलं आहे. वरून पाहिल्यावर बरगड्यांमागे कंबर दिसायला हवी. मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडी मात्र निरोगी मांजरातही असते, ती पाहून घाबरू नये. प्राण्यांचे डॉक्टर हीच तपासणी नऊ अंकांच्या मापावर करतात. पाच म्हणजे योग्य, आणि त्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण 10 ते 15 टक्के जास्तीचं वजन.

आता थोडं गणित. नुसत्या विश्रांतीत लागणारी रोजची ऊर्जा काढायला किलोमधल्या वजनाचा 0.75 घात घेऊन त्याला 70 ने गुणतात. समजा सहा किलोंच्या बोक्याचं योग्य वजन डॉक्टरांनी साडेचार किलो ठरवलं. साडेचार किलोंना हा आकडा सुमारे 216 किलोकॅलरी येतो. वजन उतरवायचं असेल तर बहुधा त्याच्या 80 टक्क्यांपासून, म्हणजे 173 च्या आसपास सुरुवात करतात. 100 ग्रॅमला 380 किलोकॅलरी देणारं ड्राय फूड असेल तर हे झाले दिवसाचे 45 ग्रॅम. म्हणूनच वाटीने किंवा मुठीने मोजू नका, किचनच्या वजनकाट्यावर मोजा. हात सैल सुटून 10 ग्रॅम जास्त पडले की 38 किलोकॅलरी वाढल्या, म्हणजे एका उंदराहून जास्त. वेट फूडमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत पोट जास्त भरतं. परवडत असेल तर मी तेच सुचवेन.

आपल्याकडच्या दूधपोळीबद्दलही बोलायला हवं. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. त्याच्या अभावाने मांजरांचं हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधनातून दिसलं आणि कंपन्यांना मांजरांच्या खाण्यातलं टॉरिन वाढवावं लागलं. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आणि गोड चव तर मांजराला कळतच नाही, ती ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. तेव्हा त्याने श्रीखंडाची वाटी चाटली तरी ते साखरेसाठी नसतं.

एवढं मोजून सगळं पुन्हा एकाच थाळीत ओतलं तर मेहनत वाया. प्रत्येकाची बशी वेगळी हवी आणि जागाही वेगळी, एकमेकांना दिसणार नाही अशी. लठ्ठ बोक्याला उंच उडी जमत नसेल तर चपळ मांजरीची बशी कपाटावर ठेवा. पिल्लासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला त्याच्यापुरतंच भोक पाडा. पिल्लांच्या खाण्यात कॅलरी जास्त असतात आणि मोठी मांजरं त्यावर टपलेली असतात, म्हणून हा खोका फार कामाचा. छोट्या फ्लॅटमध्ये एकाला बेडरूममध्ये, दुसऱ्याला बाल्कनीच्या दाराशी, तिसऱ्याला बाथरूममध्ये वीसेक मिनिटं दार लावून खायला द्या आणि नंतर उरलेलं उचला. दिवसाचा वाटा चार-पाच वेळांत विभागला तर उत्तम. कातडीखालची चिप ओळखून ठरावीक मांजरापुरतंच झाकण उघडणारी भांडीही मिळतात. महाग आहेत, पण एकाला किडनीचं पथ्य आणि दुसऱ्याला मधुमेहाचं, अशा घरात पैसे वसूल होतात.

घाई मात्र करू नका. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्के, म्हणजे सहा किलोंच्या बोक्याला 30 ते 120 ग्रॅम, एवढीच घट सुरक्षित. त्या बोक्याला साडेचारवर यायला सहा महिनेही लागू शकतात. ‘दोन दिवस उपाशी ठेवलं की येईल ताळ्यावर’ हा सल्ला जिवावर बेततो. मांजराचं खाणं थांबलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते. तिथून ती पुढे पाठवणं यकृताला झेपत नाही, ती पेशींमध्येच साचते आणि काही दिवसांत यकृत काम करेनासं होतं. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी पडते. लठ्ठ मांजरांना हा धोका सर्वांत जास्त. नवं खाणं एखाद्याने नाकारलं तर हट्टाला पेटू नका, जुनंच द्या आणि आठवडाभरात हळूहळू बदला. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

सामायिक थाळीची मला खरी भीती वाटते ती इथेच. एका मांजराने खाणं सोडलं तरी त्याचा वाटा दुसरी संपवतात आणि दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून वजनाची वही ठेवा. मांजराला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं ही पद्धत चालते, पण लहान बाळांचा काटा मिळाला तर ग्रॅमही कळतात. दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याआधी. दहा वर्षांवरच्या मांजराकडे अधिक लक्ष द्या. साडेतीन किलोंतले 200 ग्रॅम गेले म्हणजे जवळपास सहा टक्के वजन गेलं. भूक चांगली असून म्हातारं मांजर वाळत चाललं असेल तर थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्या, पाणी जास्त पीत असेल तर किडनीही.