डिस्चार्ज अपग्रेड (अमेरिकी सैन्यदले)

अमेरिकेच्या सैन्यदलांतून बाहेर पडणाऱ्या सैनिकाच्या सेवामुक्तीला एक दर्जा जोडलेला असतो. तो 'ऑनरेबल', म्हणजे सन्माननीय, या दर्जापेक्षा खालचा असेल, तर पुढे अर्ज करून तो वर चढवून घेता येतो. या प्रक्रियेला तिथे डिस्चार्ज अपग्रेड म्हणतात. अर्जाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज केल्यामुळे आहे तो दर्जा आणखी खाली जात नाही. तरीही पुष्कळ अर्ज फेटाळले जातात. अर्जदार माफी मागत बसतो आणि अर्ज तपासणाऱ्या मंडळाला मात्र चूक किंवा अन्याय दाखवून हवा असतो, हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण.

सहा महिने थांबले की शेरा, म्हणजे हा दर्जा, आपोआप सुधारतो, असे सेवेतून बाहेर पडणाऱ्याला हमखास कोणीतरी सांगते. असा नियम नाही. अर्ज केल्याशिवाय काहीही बदलत नाही आणि थांबण्यात मुदत सरते, साक्षीदार पांगतात.

शेऱ्याचे प्रकार

सेवामुक्तीचा दाखला म्हणजे डीडी फॉर्म 214. त्याच्या 24व्या चौकटीत सेवेचा दर्जा, 26व्या चौकटीत सेवामुक्तीचा कोड, 27व्या चौकटीत पुनर्भरतीचा कोड आणि 28व्या चौकटीत सेवामुक्तीचे कारण असते. दाखल्याच्या छोट्या प्रतीत या चौकटी नसतात. नोकरी देणारा म्हणूनच मोठी प्रत मागतो आणि लाल शेरा तिथे उघडा पडतो.

प्रशासकीय मार्गाने मिळणारे दर्जे तीन: ऑनरेबल, जनरल आणि अदर दॅन ऑनरेबल. शेवटच्याला बोलण्यात ओटीएच म्हणतात. सेवेच्या अगदी सुरुवातीलाच बाहेर पडणाऱ्याला बहुधा दर्जाच दिला जात नाही. बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे दोन दर्जे मात्र कोर्ट मार्शलच्या शिक्षेचा भाग असतात. डिसऑनरेबल फक्त जनरल, म्हणजे सर्वांत वरचे, कोर्ट मार्शल देऊ शकते, बॅड कंडक्ट त्याखालच्या स्पेशल कोर्ट मार्शललाही देता येते. अधिकाऱ्याच्या बाबतीत डिसऑनरेबलच्या जागी 'डिसमिसल' येते.

जनरल दर्जा वरवर निरुपद्रवी वाटतो. त्यावर माजी सैनिक व्यवहार विभागाच्या, म्हणजे व्हीएच्या, बहुतेक सवलती मिळतातही. पण 11 सप्टेंबरनंतरच्या सेवेसाठी असलेल्या जीआय बिलाच्या (माजी सैनिकांच्या सवलतींचा कायदा) शिक्षणखर्चाला पूर्ण ऑनरेबल लागतो. त्यामुळे जनरलवरून ऑनरेबल मागणारे अर्जही कमी नसतात. ओटीएचवाल्याला व्हीएच्या दारात आधी स्वतंत्र छाननीला सामोरे जावे लागते. डिसऑनरेबल दर्जाच्या माणसाला तर केंद्रीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही.

पूर्वपीठिका

1906 साली टेक्ससमधील ब्राउन्सव्हिल येथे झालेल्या गोळीबाराचा ठपका ठेवून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 25व्या इन्फंट्रीच्या 167 कृष्णवर्णीय सैनिकांना खटला न चालवता सेवेतून काढले. हा अन्याय लष्कराने 1972 मध्ये दुरुस्त केला. तोवर त्यांतले जवळपास सगळे मरण पावले होते. 1916 ते 1947 या काळात निळ्या कागदावर छापलेला, म्हणून 'ब्लू डिस्चार्ज' म्हटला जाणारा एक प्रकार होता. तो धड सन्माननीय नव्हता, धड अपमानकारकही नव्हता, आणि समलिंगी व कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला तो प्रमाणाबाहेर आला. दाद मागण्याची आजची चौकट याच काळातली. 1944 च्या जीआय बिलाने डिस्चार्ज पुनर्विलोकन मंडळे आणली, तर 1946 च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांचा पाया घातला.

व्हिएतनाम युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात, 1977 मध्ये, खास पुनर्विलोकनाची मोहीम निघाली. ती फार सैल आहे असे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, वाटले. त्याच वर्षी कायदा करून तिने सर्वांना सारखे निकष लागू केले.

कोणते मंडळ, कोणता फॉर्म

पहिल्या चुका इथेच होतात. डिस्चार्ज पुनर्विलोकन मंडळाकडे डीडी फॉर्म 293 भरून जायचे असते आणि त्याची मुदत सेवामुक्तीच्या तारखेपासून 15 वर्षे. ही मुदत वाढत नाही. मंडळावर लष्करी अधिकारी बसतात. ते दोनच प्रश्न पाहतात: सेवामुक्ती नियमाप्रमाणे झाली का, आणि ती न्याय्य होती का. जनरल कोर्ट मार्शलने दिलेल्या शिक्षेला या मंडळाला हात लावता येत नाही. स्पेशल कोर्ट मार्शलच्या बॅड कंडक्टमध्ये ते दया दाखवू शकते, दोषसिद्धी मात्र कायम राहते. गेलेली नोकरी परत देणे किंवा सेवामुक्ती वैद्यकीय निवृत्तीत बदलणे त्याच्या अधिकारात नाही.

15 वर्षे उलटली असतील, प्रकरण जनरल कोर्ट मार्शलचे असेल किंवा मागणी दर्जाच्या पलीकडची असेल, तर लष्करी नोंद दुरुस्ती मंडळ गाठावे लागते. त्यासाठी डीडी फॉर्म 149. हे मंडळ नागरी कर्मचाऱ्यांचे असते. आर्मीचे वेगळे, नेव्ही आणि मरीन कोअर यांचे मिळून एक, एअर फोर्स आणि स्पेस फोर्स यांचे एक, कोस्ट गार्डचे मंडळ अंतर्गत सुरक्षा विभागाखाली. चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून 3 वर्षांत अर्ज करावा असे कायदा म्हणतो, पण न्यायाच्या हिताचे असेल तर मंडळ ही अट सोडू शकते. फॉर्ममध्ये उशिराचे कारण विचारणारा रकाना असतो. तो कोरा ठेवू नये. आजाराचे निदान उशिरा झाले, कागद उशिरा हाती आले किंवा धोरण अलीकडे बदलले, ही ग्राह्य धरली जाणारी कारणे आहेत.

15 वर्षे संपायची असताना थेट दुरुस्ती मंडळाकडे गेलेला अर्ज बहुधा 'आधी पुनर्विलोकन मंडळाकडे जा' म्हणून परत येतो. पुनर्विलोकन मंडळाकडे दोन संधी असतात, एकदा कागदांवर आणि एकदा समक्ष सुनावणीत. आधी कागदांवर निर्णय घेतला, तर मुदतीत असेपर्यंत नंतर सुनावणी मागता येते. उलटा क्रम चालत नाही. मुदत संपत आली असेल तर पहिल्याच अर्जात सुनावणी मागणे शहाणपणाचे.

कागद जमवणे

फॉर्म भरण्याआधी स्वतःची फाइल मागवावी. ती स्टँडर्ड फॉर्म 180 भरून किंवा ऑनलाइन अर्ज करून सेंट लुइस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रातून मिळते. नुसती सेवानोंद पुरत नाही. सेवाकाळातील वैद्यकीय नोंदी, सेवामुक्तीची कारवाई झाली ते संपूर्ण बाड, आर्टिकल 15 खालील, म्हणजे कोर्ट मार्शलशिवाय वरिष्ठाने दिलेल्या, शिक्षांचे कागद आणि कोर्ट मार्शल झाले असल्यास त्याचे कामकाज, हे सगळे नावानिशी मागावे लागते. 12 जुलै 1973 रोजी या केंद्राला लागलेल्या आगीत सुमारे 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फाइली नष्ट झाल्या. 1960 पूर्वी आर्मीतून सुटलेल्यांची आणि एअर फोर्सच्या 1964 पूर्वीच्या बऱ्याच जणांची कागदपत्रे त्यात गेली. अशांना पगारपत्रके, युनिटचे दैनंदिन अहवाल, घरी लिहिलेली पत्रे यांवरून चित्र उभे करावे लागते.

फाइल हातात आल्यावर ती विरोधकाच्या नजरेने वाचावी. नोटीस मिळाली होती का? वकिलाचा सल्ला घेण्याची संधी दिली होती का? सहा किंवा अधिक वर्षांची सेवा असूनही सेवामुक्तीआधी प्रशासकीय मंडळापुढे सुनावणीचा हक्क डावलला का? सही केलेला हक्कत्याग फाइलमध्ये आहे का? अशी एक उणीव दहा शिफारसपत्रांहून जड ठरते. कारण सरकारी कारवाई नियमानुसारच झाली असे मंडळ गृहीत धरून चालते आणि ते गृहीतक मोडण्याचा भार अर्जदारावर असतो.

युक्तिवाद

मंडळासमोर काय सोडवायचे आहे ते मुद्दे क्रमांक देऊन मांडावेत. नीट मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला पुनर्विलोकन मंडळाने उत्तर द्यावे लागते. पाच पानांच्या आत्मकथनात विरघळलेल्या मुद्द्याला उत्तर मिळेलच असे नाही.

गेल्या दशकात बाजू सर्वांत भक्कम झाली ती मानसिक आघाताच्या प्रकरणांत. 3 सप्टेंबर 2014 रोजी संरक्षणमंत्री चक हेगल यांनी नोंद दुरुस्ती मंडळांना निर्देश दिले की, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) असलेल्या माजी सैनिकांच्या, विशेषतः व्हिएतनामच्या वेळच्या, अर्जांचा उदारपणे विचार करावा. 25 ऑगस्ट 2017 च्या कुर्टा मेमोने (संरक्षण खात्याचे निर्देशपत्र) ही सवलत मेंदूला बसलेला मार, इतर मानसिक आजार, सेवेतील लैंगिक अत्याचार आणि छळ यांनाही लागू केली. 25 जुलै 2018 च्या विल्की मेमोने आजार नसलेल्यांसाठीही न्याय आणि दयेच्या आधारावर दर्जा वाढवण्याचे निकष सांगितले.

कुर्टा मेमोचे चार प्रश्न म्हणजे अर्जाचा सांगाडाच. गैरवर्तनाला कारण ठरू शकेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेत असतानाचा आहे का? त्याने गैरवर्तन खरोखर समजण्यासारखे होते का? आणि त्याचे पारडे सेवामुक्तीच्या कारणापेक्षा जड आहे का? बहुतेक अर्ज पहिल्या दोन प्रश्नांवर भरभरून लिहितात आणि तिसऱ्यावर कोसळतात. व्हीएने दिलेले पीटीएसडीचे निदान नुसते जोडून भागत नाही. झोप उडाली म्हणून दारू वाढली, दारूमुळे हजेरी चुकली, त्यावरून आर्टिकल 15 लागले, अशी साखळी तारखांसह दाखवावी लागते. डॉक्टरांचे पत्रही याच प्रश्नाला उत्तर देणारे हवे. आजार किंवा अनुभव होता हे दाखवायला अर्जदाराचे स्वतःचे निवेदनही पुरावा म्हणून चालते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात त्या वेळी तक्रार केली नव्हती एवढ्यावरून अर्ज फेटाळायचा नसतो. अचानक घसरलेले कामाचे शेरे, बदलीची विनंती, मैत्रिणीला लिहिलेले पत्र हेही पुरावे धरले जातात. पूर्वनियोजित गैरवर्तन मात्र आजाराने सहसा माफ होत नाही, हे मेमोतच लिहिले आहे. अमली पदार्थ विकणे आणि वेदना मारण्यासाठी ते घेणे यांत मंडळ फरक करते.

फाइलमध्ये सिद्ध झालेली गोष्ट नाकारणे हा सर्वांत महाग पडणारा मार्ग. एक घटना खोटी ठरली की बाकीचे निवेदनही संशयित होते. शिफारसपत्रांचेही तसेच. लिहिणाऱ्याला सेवामुक्तीचे कारण माहीत असल्याचे पत्रात दिसले नाही, तर त्याला वजन राहत नाही. सेवेनंतरची वर्षे दाखवताना पदविका, नोकरीचे दाखले, व्यसनमुक्तीची नोंद, पोलिसांकडील निरंक दाखला असे कागद द्यावेत, विशेषणे नकोत. मुख्य मागणी ऑनरेबलची असली तरी ती न मिळाल्यास जनरल द्यावे आणि 28व्या चौकटीतील कारण बदलावे, अशी पर्यायी मागणी लिहून ठेवावी. मूळ कागद कधीही पाठवू नयेत.

समलिंगी असल्यामुळे काढलेल्यांची वाट तुलनेने सोपी आहे. समलिंगी सैनिकांनी ओळख लपवूनच सेवेत राहावे असे सांगणारे 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' धोरण 20 सप्टेंबर 2011 रोजी संपले. सेवामुक्तीचे कारण तेवढेच असेल आणि दुसरे गैरवर्तन नसेल, तर दर्जा, कारण आणि पुनर्भरतीचा कोड बदलून द्यावेत असा निर्देश त्याच दिवशी निघाला.

निर्णय आणि त्यापुढे

सुनावणी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून होते. प्रत्यक्ष जायचे झाल्यास प्रवासखर्च स्वतःचा. सदस्य प्रश्न विचारतात आणि बहुमताने निकाल देतात. निकाल यायला वर्ष-दीड वर्ष लागणे नवलाचे नाही. मंडळांचे जुने निर्णय नावे वगळून इंटरनेटवर ठेवलेले असतात. आपल्यासारखे प्रकरण त्यांत शोधणे हा वेळेचा उत्तम उपयोग.

नकार आला तर पुनर्विलोकन मंडळाकडून दुरुस्ती मंडळाकडे जाता येते. तिथे नकार मिळाल्यावर नवा पुरावा असेल तर फेरविचार मागता येतो. 20 डिसेंबर 2019 रोजी किंवा नंतर सुटलेल्यांसाठी डिस्चार्ज अपील पुनर्विलोकन मंडळ ही आणखी एक पायरी आहे, पण तिथे नवा कागद स्वीकारत नाहीत. शेवटी संघीय न्यायालय. ते बहुधा एवढेच पाहते की मंडळाचा निर्णय मनमानी होता का.

व्हीएची छाननी हा याहून वेगळा रस्ता. ओटीएचवाल्याने सवलतीचा अर्ज केला की व्हीए स्वतःच त्याच्या सेवेचा दर्जा ठरवते. निकाल बाजूने लागला तर उपचार आणि भरपाई मिळू शकते, दाखल्यावरचा शेरा मात्र तसाच राहतो. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालवता येतात आणि उपचारांची निकड असेल तर चालवावेतच. मात्र सलग 180 दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्यामुळे ओटीएच मिळाला असेल, तर सवलतींवर कायद्याचाच अडसर असतो. तो पुनर्विलोकन मंडळाच्या अपग्रेडने हटत नाही, नोंद दुरुस्ती मंडळाच्या निर्णयाने हटतो. हे माहीत नसलेले लोक अपग्रेड मिळवूनही व्हीएच्या दारातून परत येतात.

अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या भारतीयांसाठी, त्यांत मराठी घरांतली मुलेही आली, शेऱ्याचा संबंध थेट नागरिकत्वाशी आहे. सैनिकी सेवेच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्याची सेवामुक्ती ऑनरेबल किंवा जनरल असावी लागते. अशा मार्गाने मिळालेले नागरिकत्वही, एकूण पाच वर्षांची सन्माननीय सेवा पुरी होण्याआधी ओटीएच किंवा त्याखालचा दर्जा घेऊन बाहेर पडल्यास, रद्द होऊ शकते. अशा व्यक्तीने दर्जावाढीचा अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला फाइल दाखवावी, कारण अर्जात दिलेली कबुली पुढे त्याच्याविरुद्ध वाचली जाऊ शकते.

अर्ज मंजूर झाला की सहसा नवा डीडी-214 निघतो. तो आल्यावर व्हीएकडे पुन्हा अर्ज करावा लागतो. सवलती आपोआप सुरू होत नाहीत. जुना दाखला काउंटीच्या कार्यालयात नोंदवून ठेवला असेल, तर तिथेही नवा नोंदवून जुना काढून टाकण्याची विनंती करावी.