व्यवसायसंघांचे विधी व सामाजिक जीवन (ग्रामीण विदर्भ)

विदर्भाच्या खेड्यांत सुतारकी, कुंभारकाम, विणकाम, तेलघाणी, बांबूकाम, हजामत असे पिढीजात धंदे करणारे जातिसमूह आपापल्या धंद्याची शिस्त सण, मानपान, पंगत आणि पंचायत यांतून राखत आले. या संघांना सनद नव्हती, कचेरी नव्हती, नियमांची वही क्वचितच असे. हक्क बजावला जाई तो खळ्यावर, लग्नाच्या मांडवात आणि पोळ्याच्या तोरणाखाली, साऱ्या गावासमक्ष, दरवर्षी. एका वर्षी मान चुकला की पुढच्या वर्षी हक्कावर वाद उभा राही. म्हणून मानपानाची भांडणे वरून क्षुल्लक दिसली तरी मुळात पोटाची असत.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील व्यवसायसंघांचा जुना पुरावा लेण्यांच्या शिलालेखांत आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या (क्षत्रप नहपानाच्या जावयाच्या) लेखानुसार त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, 2000 कार्षापण (नाणी) दरमहा शेकडा एक आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा होता. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी आढळतात. माळव्यातील मंदसोरच्या पाचव्या शतकातील लेखात रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधल्याचे व पुढे दुरुस्त केल्याचे नमूद आहे. ठेवी सांभाळणे आणि देऊळ बांधणे ही दोन्ही कामे एकच संघ करी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खेड्यातली मांडणी वेगळी होती. तिथे एका धंद्याची दोनचारच घरे असत आणि ती बलुत्याने, म्हणजे सेवेबदल्यात मिळणाऱ्या पिकाच्या वाट्याने, गावाशी बांधलेली असत. संघ म्हणावा असा विस्तार दिसे तो पंचक्रोशीत, सोयरिकीच्या गावांत. त्यामुळे प्रत्येक कारागिरावर दोन बंधने होती: गावाला सेवा देण्याचे आणि जातीचा शब्द पाळण्याचे. दोहोंत विरोध आला की बहुधा जातीचा शब्द वरचढ ठरे, कारण मुलीचे लग्न गावात व्हायचे नसे.

बलुते आणि हक्काची घरे

सुताराला विदर्भात वाढई म्हणतात, न्हाव्याला म्हाली, परटाला वरठी; लोहारांतला एक वर्ग खाती म्हणून ओळखला जातो. वाढई वखर, डवरा, तिफण आणि बंडीची (बैलगाडीची) दुरुस्ती वर्षभर करी. सुगीला त्याचा वाटा खळ्यावरून उचलला जाई, वऱ्हाडात (पश्चिम विदर्भात) ज्वारीचा, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात) धानाचा. रास मोजण्याआधी पूजा होई आणि बलुतेदार रांगेने उभे राहत. कोण आधी, कोण नंतर, हा क्रम ठरलेला असे.

म्हाली किंवा वरठी यांची घरे भावाभावांत वाटलेली असत. वाटणीत शेताच्या बांधाइतकेच महत्त्व या घरांना. दुसऱ्याच्या हक्काच्या घरी वस्तरा घेऊन जाणे हा जातीपुढचा गुन्हा होता. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या म्हाल्याशी भांडून दुसरा बोलावला, तर दुसऱ्याने येऊ नये, अशी अपेक्षा असे. आजच्या भाषेत हा संपाचाच प्रकार. शेतकऱ्याला मुकाट्याने जुन्या म्हाल्याची समजूत काढावी लागे.

सणांतील मान

विदर्भात पोळा हा सर्वांत मोठा कृषिसण, आणि कारागिरांचा वर्षाचा हिशेबही त्यात उघडा पडतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे निमंत्रण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या (चढाओढीची कवने) म्हणून एकमेकांना डिवचले जाते, आणि मानाची जोडी सुटल्यावर पोळा फुटतो. दोर आणि वेसण एकाची, चामड्याचे साज दुसऱ्याचे, मातीचे बैल कुंभाराचे. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात. ते बैल वाढयाने घडवलेले. गावच्या कारागिरांपैकी पोळ्यात ज्याचे काहीच नाही, असा शोधून सापडत नसे.

याच दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा करत गावाबाहेर मारबत (पीडेचे प्रतीक असलेला पुतळा) नेली जाते. नागपूर शहरात याचे मोठ्या मिरवणुकीत रूपांतर झाले. तिथली पिवळी मारबत 1885 पासून तऱ्हाणे तेली समाज काढतो. साऱ्या शहराची पीडा एका धंद्याच्या लोकांनी वाहून नेण्याचा हा मान आहे.

दिवाळीत पाडव्याला गोवारी समाजाचे गायगोधन असते. वर्षभर गावची गुरे राखणारा गोवारी त्या दिवशी ढालीची पूजा करतो, वाजतगाजत घरोघर फिरतो आणि ज्यांची गुरे चारली त्यांच्याकडून धान्य, कपडा किंवा पैसे घेतो. याला कुणी भीक म्हटले तर ते चूक ठरेल. ही राखणीची मजुरी आहे, फक्त ती नाचून वसूल होते. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई (जत्रा) भरते, दंडार (लोकनाट्य) आणि नाटके होतात, आणि नातेवाईक जमलेलेच असल्याने सोयरिकी व तंटेही तिथेच निघतात.

अवजारांची पूजा दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीला होते. वाढयाचे वाकस-करवत, लोहाराची ऐरण आणि भाता, कोष्ट्याचा (विणकराचा) माग आणि धोटा धुऊनपुसून मांडतात आणि त्या दिवशी कामाला लावत नाहीत. सुतार-लोहार माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंती पाळतात. त्याखेरीज प्रत्येक धंद्याला आपला संत आहे: तेल्यांचे संताजी जगनाडे, कुंभारांचे गोरोबा, शिंप्यांचे नामदेव, म्हाल्यांचे सेना महाराज, सोनारांचे नरहरी, चांभारांचे रोहिदास. यांतले बहुतेक विदर्भाबाहेरचे. पंढरीच्या वारीने ते इथे आणले. पुण्यतिथीचा काला झाल्यावर त्याच मांडवात समाजाची बैठक बसते, ही रीत आजही दिसते.

लग्न आणि मृत्यू

लग्नात एकाही कारागिराला वगळता येत नसे. कुंभाराच्या घरून मडकी वाजतगाजत आणायची, बुरडाकडून सूप-दुरड्या, वरठ्याने पायघड्या घालायच्या, म्हाल्याने आवतन फिरवायचे आणि नवरदेवाजवळ राहायचे. प्रत्येक वस्तूमागे ठरलेली ओवाळणी किंवा कापड असे. मडकी बाजारातून विकत आणली तर लग्न होई, पण कुंभार रुसे आणि त्याच्यामागे त्याची जात उभी राही. अक्षय तृतीयेला पितरांसाठी भरायची नवी घागरही त्याच्याच आव्यातली (भट्टीतली). मृत्यूच्या वेळी हीच साखळी उलटी चाले: निरोप, मडके, दहाव्याचे क्षौर.

पंचायत, दंड आणि पंगत

मराठी मुलखात पेठेच्या शेटे-महाजनांप्रमाणे कारागिरांच्या जातींचे प्रमुख मेहेतर किंवा म्हेत्रे म्हणून ओळखले जात. चौगुला हा मदतनीस. पंचायतीपुढे दुसऱ्याचे गिऱ्हाईक पळवणे, सोयरीक मोडणे, जातीबाहेर खाणे असे विषय येत. शिक्षा बहुधा दंडाची, आणि दंडाचा मोठा भाग जेवणावर खर्च होई. गुन्हेगाराने पंगत द्यायची, सर्वांनी त्याच्या हातचे खायचे, की तो पुन्हा जातीत आला. वऱ्हाडात अशा जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण हा सोयीचा बेत. शेतात गोवऱ्यांवर शेकडो माणसांचे होते. दंडातून उरलेल्या पैशात समाजाची भांडी घेतली जात: गंज, गुंड, कोपर, पुढे सतरंज्याही. गरिबाच्या घरचे लग्न याच भांड्यांवर पार पडे. विदर्भात पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू कडू आहे. पंगत हेच बहिष्काराचे हत्यार होते. ज्याला जेवायला बोलावत नाहीत त्याला काम मिळत नाही, मुलगी मिळत नाही, खांदा मिळत नाही. बायकांना पंचायतीत बसायला जागा नसे, मात्र न्याय त्यांच्याच लग्नांचा होई. महार समाजात विणकर पुष्कळ होते, पण ते कोष्ट्यांच्या पंगतीला कधी बसले नाहीत. गावकीतला त्यांचा ‘मान’ मेलेले ढोर ओढण्याचा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिल्यानंतर अनेक गावांत बौद्धांनी ही कामे नाकारली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. 2016 चा हा अधिनियम जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

विणकर आणि कोसा

पूर्व विदर्भात दोन धंदे एकाच धाग्यावर उभे आहेत. गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलांत मासेमारी करणारा ढिवर समाज ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे, म्हणजे कोशाचे, किडे पाळतो. कोष हाती आले की त्यांचे सूत भंडारा-नागपूर पट्ट्यातल्या कोष्ट्यांच्या मागावर चढते. करवतीच्या दातांसारखे काठ असलेली इथली करवतकाठी साडी याच कोशाची. नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर हातमागाला उतरती कळा लागली आणि कोष्ट्यांची मुले गिरणीत गेली. एकत्र कुटुंबात कांडी भरणे, ताणा लावणे ही बायकामुलांची कामे होती, त्यामुळे माग बंद पडणे म्हणजे घराची दिनचर्याच मोडणे.

बदल

बलुते मोडले ते एका तडाख्यात नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) वऱ्हाडच्या कापसाला भाव आला आणि शेतात रोख पैसा शिरला. 1951 मध्ये मालगुजारी (जमीनदारी) गेली. पुढे लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आले. सर्वांत कमी बोलले जाते ते सोयाबीनबद्दल. ज्वारी हटून सोयाबीन आले तेव्हा खळ्यावरचा वाटा निरर्थक झाला, कारण वाढयाने सोयाबीनची रास घरी नेऊन करायचे काय? तेव्हापासून उरलेसुरले बलुतेही रोखीत ठरू लागले.

वर्ध्यात 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत तेलघाणी, कागद, मधमाशापालन यांची सुधारित तंत्रे शिकवली. इथे धंदा जातीपासून सोडवण्याचा विचार होता. जातीच्या संघांनी तो फारसा उचलला नाही. त्यांनी स्वतःचा मार्ग काढला: नोंदणीकृत समाजमंडळे, वसतिगृहे, मंगल कार्यालये, वधूवर परिचय मेळावे, सामूहिक विवाह. तलावांवरील ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था मात्र धंद्याच्याच आहेत. त्या मासेमारीचे ठेके घेतात.

केंद्र सरकारची 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली विश्वकर्मा योजना 18 पारंपरिक धंद्यांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि सवलतीचे कर्ज देते. वाढई, लोहार, कुंभार, म्हाली, वरठी, शिंपी, बुरूड आणि जाळी विणणारे ढिवर तिच्या यादीत बसतात. माग चालवणारे कोष्टी आणि घाणीवाले तेली बसत नाहीत. लाभ व्यक्तीच्या नावे, आणि एका कुटुंबातून एकालाच मिळतो.