आधी भरा, मग तपासा: एफपीजीएच्या बिटस्ट्रीम पडताळणीची पार्श्वभूमी

एफपीजीए म्हणजे तयार झाल्यावरही आतली सर्किट बदलता येणारी चिप. ती सर्किट कशी असावी हे सांगणारी फाइल म्हणजे बिटस्ट्रीम, आणि चिप सुरू होताना ती आत भरली जाते. एप्रिल २०२० मध्ये झायलिंक्स कंपनीच्या अशा चिपांमधला 'स्टारब्लीड' हा सुरक्षादोष जाहीर झाला तेव्हा बातम्यांचा सगळा भर 'चिप दुरुस्त करता येणार नाही' यावर होता. मूळ वाद मात्र त्याहून जुना आहे. बाहेरच्या फ्लॅश मेमरीतून येणारी बिटस्ट्रीम खरी की खोटी, हे चिपने कधी ठरवायचं? भरण्याआधी, भरता भरता, की भरून झाल्यावर?

सुरुवातीच्या चिपांना हा प्रश्न पडलाच नव्हता. १९८५ च्या झायलिंक्सच्या एक्ससी२०६४ या चिपची अख्खी बिटस्ट्रीम १२,०३८ बिटांची होती आणि ती त्याच बोर्डावरच्या छोट्या प्रॉममधून, म्हणजे साठवणीच्या मेमरीतून, यायची. भीती होती ती वाटेत एखादा बिट बिघडण्याची. म्हणून आधी फ्रेमच्या, म्हणजे बिटस्ट्रीमच्या एकेका तुकड्याच्या, सुरुवातीचे आणि शेवटचे ठरलेले बिट आले, एक्ससी४००० मालिकेत प्रत्येक फ्रेममागे चार तपास-बिट आले, व्हर्टेक्स मालिकेत १६ बिटी सीआरसी (डेटावरून काढलेली तपास-संख्या) आणि पुढच्या पिढ्यांत ३२ बिटी सीआरसी आला. हे सगळे उपाय बिघाडासाठी होते. मुद्दाम बदल करणारा सीआरसी नव्याने काढून बसवू शकतो. तेही नको असेल तर फाइल तयार करतानाच ही तपासणी बंद करण्याचा पर्याय टूलमध्ये असतो.

पुढे धास्ती वाढली ती नकलेची. प्रॉममधली बिटस्ट्रीम उतरवून घेतली की दुसऱ्याचं उत्पादन जसंच्या तसं बाजारात आणता येई. म्हणून व्हर्टेक्स-२ मध्ये ट्रिपल डीईएस आणि व्हर्टेक्स-४ मध्ये २५६ बिटी एईएस हे एनक्रिप्शन आलं, म्हणजे किल्लीशिवाय बिटस्ट्रीम वाचता येऊ नये अशी सोय. इथे एक गैरसमज घट्ट बसला: जे वाचता येत नाही ते बदलताही येत नाही. गुपित राखणं आणि अस्सलपणा सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, पण बरीच वर्षं दोन्हींचा भार एकट्या एनक्रिप्शनवर टाकला गेला. २०११ मध्ये चिप सुरू होताना ती किती वीज खेचते ते मोजून व्हर्टेक्स-२ ची किल्लीच काढून दाखवली गेली, तेव्हा गुपिताचाही भरवसा उरला नाही.

व्हर्टेक्स-६ पासून आणि नंतर ७-सिरीजमध्ये खरी पडताळणी आली, एसएचए-२५६ वर बेतलेला एचमॅक, म्हणजे गुप्त किल्ली वापरून काढलेली, मजकूर बदलला की न जुळणारी खूण. वाद ज्या निर्णयावर आहे तो इथलाच. एचमॅकची किल्ली चिपमध्ये न ठेवता बिटस्ट्रीमच्याच एनक्रिप्ट केलेल्या भागात ठेवली गेली, आणि पडताळणीचा निकाल लागायचा तो अगदी शेवटी. तोपर्यंत आत आलेली प्रत्येक आज्ञा उलगडून लगेच अंमलात आणली जायची.

या निर्णयाला कारण होतं. ७-सिरीजच्या किंटेक्स-७ मधल्या ३२५टी चिपची बिटस्ट्रीम सुमारे ९ कोटी १५ लाख बिटांची आहे. एवढा माल आधी बाजूला ठेवून तपासायला चिपमध्ये वेगळी जागा नाही. जिथे भरायचं तीच जागा. फ्रेमचा डेटा आधी भरून मग तपासणं म्हणून समजण्यासारखं आहे, कारण निकाल विरुद्ध गेला तर सगळं पुसून टाकता येतं. पण नियंत्रण रजिस्टरांत (चिपचं वागणं ठरवणाऱ्या छोट्या साठवणीच्या जागांत) लिहिणाऱ्या आज्ञांनाही तीच मोकळीक का दिली, याचं पटण्यासारखं उत्तर मला सापडत नाही.

नेमकी तिथेच वाट निघाली. या चिपांमध्ये डब्ल्यूबीस्टार नावाचं ३२ बिटी रजिस्टर आहे. रीसेटनंतर कुठल्या पत्त्यावरची बिटस्ट्रीम उचलायची हे त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे ते रीसेटनंतरही पुसलं जात नाही. दुसरीकडे एनक्रिप्शन सीबीसी पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक ब्लॉक आधीच्या सांकेतिक ब्लॉकशी जोडणारं. या पद्धतीत सांकेतिक ब्लॉकमधला एक बिट उलटवला की तो ब्लॉक कचरा होतो, पण पुढच्या ब्लॉकमध्ये बरोबर त्याच जागचा बिट उलटतो. त्यासाठी किल्ली लागत नाही, फक्त तिथे मुळात काय आहे हे ठाऊक हवं. आणि बिटस्ट्रीमच्या सुरुवातीला कोणत्या आज्ञा येतात हे कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. हल्लेखोर एका आज्ञेचा रोख डब्ल्यूबीस्टारकडे वळवतो, उलगडलेला एक शब्द त्यात जाऊन बसतो, शेवटी एचमॅक जुळत नाही आणि चिप रीसेट होते. मग तो स्वतःची साधी, एनक्रिप्ट न केलेली बिटस्ट्रीम भरतो आणि ते ३२ बिट वाचून घेतो. असं करत करत सगळी फाइल हाती लागते, आतली एचमॅकची किल्लीसुद्धा. ती मिळाली की खोटी बिटस्ट्रीम अस्सल म्हणून भरायचा मार्ग मोकळा.

यासाठी उपकरण हातात असावं लागतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. हा दोष शोधणाऱ्या, जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांचं म्हणणं वेगळं होतं: जिथे कॉन्फिगरेशनचा मार्ग दुसऱ्या प्रोसेसरकडून जातो, तिथे दुरूनही हल्ला होऊ शकतो. मला दुसरं म्हणणं जास्त वजनाचं वाटतं, कारण वर्षभर आधीच तसं घडून गेलं होतं. मे २०१९ मध्ये राउटरांमधला 'थ्रँग्रीकॅट' दोष जाहीर झाला. तिथे बूटची खातरजमा करणारा एफपीजीएच एनक्रिप्शन किंवा सही नसलेल्या बिटस्ट्रीमवर चालत होता. रूट अधिकार (यंत्राच्या सॉफ्टवेअरवर पूर्ण ताबा) मिळालेला माणूस फ्लॅशमधली बिटस्ट्रीम बदलून, खातरजमा फसली तर प्रोसेसरला रीसेट करणारी पिनच निकामी करू शकत होता.

क्लाउडमध्ये भाड्याने एफपीजीए मिळू लागल्यावर, म्हणजे साधारण २०१७ पासून, प्रश्न आणखी बदलला. बिटस्ट्रीम अस्सल आहे, भाडेकरूचीच आहे, पण ती आत जाऊन काय करील? मुद्दाम प्रचंड वीज खेचून चिपचा व्होल्टेज पाडणारी सर्किट बनवता येतात. त्यामुळे एका मोठ्या सेवेने ग्राहकाकडून बिटस्ट्रीम घेणंच टाळलं. ग्राहकाने डिझाइन द्यायचं, ते तपासून बिटस्ट्रीम सेवा स्वतः तयार करणार. अशी सर्किट सहसा ज्यावर बेतलेली असतात त्या कॉम्बिनेशनल लूपवर (फिरून स्वतःकडेच येणाऱ्या, मध्ये घड्याळाची अडवण नसलेल्या जोडणीवर) तिथे बंदी आहे, पण असा लूप न वापरताही ऑसिलेटर (सतत उलटसुलट होत वीज खेचणारं सर्किट) बनतो हे २०१९ मध्ये दाखवलं गेलं.

बाहेरच्या कुणाला बिटस्ट्रीम उघडून तपासायची तर तिची रचना माहीत हवी, आणि ती बहुतेक कंपन्यांनी झाकून ठेवली. नव्वदच्या दशकात एक्ससी६२०० मालिकेची रचना खुली होती, आणि कसलेही बिट भरले तरी चिपला इजा होणार नाही अशीच तिची घडण होती. ती मालिका लवकरच बंद झाली. २०१५ मध्ये लॅटिस कंपनीच्या आइस४० चिपांच्या बिटस्ट्रीमची रचना स्वतंत्र लोकांनी खटपटीने उलगडली, त्यानंतर ७-सिरीजचीही बरीचशी.

७-सिरीजनंतरच्या अल्ट्रास्केल मालिकेत एईएस-जीसीएम (एनक्रिप्शनबरोबर पडताळणीही करणारी पद्धत) आणि आरएसए डिजिटल सही आली आणि स्टारब्लीडची वाट बंद झाली. पण २०२४ मध्ये त्याच मालिकेत आरएसए तपासणीला बगल देता येते हे फझिंग करून, म्हणजे मुद्दाम वेड्यावाकड्या बिटस्ट्रीम भरून पाहून, सिद्ध झालं. ७-सिरीजचा पुरवठा दरम्यान किमान २०३५ पर्यंत चालू ठेवण्याचं जाहीर झालं आहे, म्हणजे डब्ल्यूबीस्टारची ती वाट असलेल्या चिपा तोवर नव्या बोर्डांवर बसत राहतील.