युद्धखेळाची सुटी भूरचना

मेजावर लहान सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी टेकड्या, नद्या, रस्ते, शेते आणि घरे जोडता-सोडवता येणाऱ्या फळ्यांवर घडवून रंगवण्याची कला. खेळणारे तिला नुसते ‘टेरेन’ म्हणतात. ‘सुटी’ हे विशेषण येथे शोभेचे नाही. एकदा घडवलेला देखावा कितीही सुबक असला, तरी त्याच्या फळ्या वेगळ्या क्रमाने लावून दुसरी रणभूमी उभी राहत नसेल, तर तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

उगम : युद्धखेळांचा उगम चतुरंगात शोधण्याची प्रथा आहे. हत्ती, घोडा, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर येतात, एवढ्यापुरती ती योग्यच म्हणावी लागते. भूरचनेला मात्र हा दाखला लागू पडत नाही. चतुरंगाच्या चौसष्ट घरांत सैन्य आहे, जमीन नाही; एक घर दलदलीचे आणि दुसरे चढणीचे, असा भेद तेथे संभवत नाही. तो भेद प्रथम ठळकपणे दिसतो तो जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या हेलविग यांनी 1780 साली प्रसिद्ध केलेल्या खेळात. त्यांचा पट 1,617 घरांचा होता आणि भूप्रकारानुसार घरांचे रंग वेगळे होते. बुद्धिबळाचे बंधन त्यांनी सोडले नव्हते, म्हणून काही लेखक या खेळाला चतुरंगाचाच विस्तार मानतात.

खऱ्या अर्थाने सुटी आणि उठावाची (उंचसखल) जमीन प्रशिया या जर्मन राज्यात आली. थोरले राइसविट्स यांनी 1812 साली राजा तिसरा फ्रीडरिख व्हिल्हेल्म याला खेळाचे एक मेज सादर केले. त्याचा पृष्ठभाग लहान चौकोनी तुकड्यांचा होता आणि ते तुकडे हवे तसे लावून निरनिराळे प्रदेश रचता येत. तुकडे कशाचे होते याविषयी वर्णने जुळत नाहीत. काही जण सरसकट चिनीमाती म्हणतात, तर काहींच्या मते जमीन रंगवलेल्या प्लास्टरची आणि फक्त सैन्याच्या सोंगट्या चिनीमातीच्या होत्या. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण नदीकाठ व चढउतार कोरण्यास प्लास्टर सोयीचे. राइसविट्स यांच्या मुलाने 1824 साली हाच खेळ मोजमापाच्या नकाशावर आणला. सेनाधिकाऱ्यांत तो पसरला, पण उठावाची जमीन मागे पडली. ती घरगुती खेळात परतली. 1913 साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी छापलेल्या नियमांत खोलीच्या फरशीवर मांडलेले लाकडी ठोकळे आणि खोचलेल्या डहाळ्या आहेत.

इंदूरच्या मराठी घरांतून या कलेकडे येणाऱ्याला दिवाळीचा किल्ला आठवल्यावाचून राहत नाही. विटा-ढेकळांवर चिखलात बुडवलेले गोणपाट, त्यावर पेरलेले हळीव नि मोहरी, बुरुजावर मातीची चित्रे: रामबाग असो वा लोकमान्यनगर, कृती तीच. लोकसमजूत या प्रथेचा संबंध थेट शिवकाळाशी जोडते. प्रस्तुत नोंद ते मत स्वीकारत नाही आणि खोडूनही काढत नाही. तांत्रिकदृष्ट्या किल्ला हा भूरचनेचा चुलतभाऊ ठरतो, पूर्वज नव्हे. तो अखंड असतो, जागेवरच घडतो आणि मोडला जातो. दुसरा शेजार महूचा. तेथील कॉलेज ऑफ कॉम्बॅट (स्थापना 1971, 2003 पासून आर्मी वॉर कॉलेज) व इन्फंट्री स्कूल यांच्यामुळे हे गाव लष्करी शिक्षणाचे केंद्र आहे, आणि लष्करी शिक्षणातले सँड मॉडेल म्हणजे रंगीत भुकटी व भुसा वापरून वाळूत उभारलेली रणभूमी. पण वाळूही विसकटून टाकायचीच असते.

मापे : रूढ मेज 6 फूट × 4 फूट, म्हणून 2 फुटी चौरस फळ्या सहा लागतात. सहाही वेगळ्या असतील आणि प्रत्येक फळी चार बाजूंनी फिरवता येत असेल, तर त्यांच्या मांडण्या 29,49,120 होतात. मेजाला अर्धा फेरा देऊन सारख्या दिसणाऱ्या वगळल्या तरी 14,74,560 उरतात. हा आकडा फसवा आहे. नदी फळीच्या कडेशी तुटून चालत नाही. यावर उपाय एकच: नदी वा रस्ता कडेच्या बरोबर मध्यावरच बाहेर पडला पाहिजे आणि कडेची उंची सर्वत्र सारखी हवी. नवखा कारागीर पहिली टेकडी हमखास कडेपर्यंत नेतो.

प्रमाणाचा प्रश्न याहून अवघड. 28 मिमी उंचीच्या सैनिकांसाठी घरे साधारण 1:56 प्रमाणात करतात. हेच प्रमाण जमिनीला लावले, तर 6 फुटी मेज जेमतेम शंभर मीटर भरते, म्हणजे जुन्या बंदुकीचा एक पल्ला. 21 डिसेंबर 1817 च्या महिदपूरच्या लढाईत हिस्लॉप व माल्कम यांची इंग्रज फौज तोफांच्या माऱ्यात शिप्रा नदीचा उतार ओलांडून होळकरांच्या सैन्यावर चालून गेली. तो उतार आणि पलीकडच्या तोफा एका मेजावर आणायच्या, तर जमिनीचे प्रमाण घरांपेक्षा कितीतरी लहान धरावे लागते. मग एक झोपडी म्हणजे सारे गाव, असे समजून घ्यायचे. 6 मिमी सैनिक वापरले, तर ही ओढाताण कमी होते.

साहित्य व घडण : पायाला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबीव फळी) किंवा प्लायवूड, वर दाबीव फोम (एक्सपीएस). साधा थर्माकोल स्वस्त, पण कापताना दाणे सुटतात. तापलेल्या नायक्रोम तारेने कडा स्वच्छ कापल्या जातात. धूर घातक असल्याने खिडकी उघडी ठेवावी. द्रावक असलेला गोंद आणि डब्यातला फवारा-रंग, दोन्ही फोम खातात. त्यामुळे आधी फेविकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग कालवून अखंड थर द्यावा लागतो. फेविकॉल एकाच बाजूला लावला की सुकताना फळी वाकते. मागची बाजूही रंगवली म्हणजे ताण सारखा होतो. खडक प्लास्टरचे ओततात. वाळू चाळून घ्यावी. हिरवळीसाठी रंगवलेला लाकडाचा भुसा अजून उत्तम चालतो, विकतच्या गवताच्या पाकिटांनी त्याला उगाच कमीपणा आणला आहे.

रंग : क्रम सर्वत्र एकच: गडद अस्तर, मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ वॉश, शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग. फरक पडतो तो मातीत. परदेशी नमुन्यांतली तपकिरी जमीन आणि ओली हिरवळ माळव्याला शोभत नाही. इथली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली. ओली असताना ती काळीभोर दिसते, सुकल्यावर करडी पडून भेगाळते. अस्तर काळ्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) घालून आणि वरचा हात राखी ठेवून ही छटा साधते. महिदपूरची लढाई डिसेंबरातली, तेव्हा शेतात गव्हाची कोवळी हिरवी रेघ आणि बांधावर वाळके गवत हवे. पूर्ण हिरवी फळी म्हणजे पावसाळा, आणि पावसाळ्यात माळव्याच्या चिखलातून तोफा ओढणे कठीण.

साठवण : फळ्या पाठीला पाठ लावून, कोपऱ्यांत बुचाचे तुकडे देऊन उभ्या ठेवतात. आषाढ-श्रावणात एमडीएफ ओल धरून फुगते, म्हणून कडांना वॉर्निशचे दोन हात आवश्यक.