अॅडव्हेंचर मोटरसायकलचे टायर

डांबरी रस्त्यावर लांब पल्ला गाठणाऱ्या आणि रस्ता संपला तरी मुरूम, वाळू, चिखल, नदीपात्रातले गोटे यांतून पुढे जाणाऱ्या मोटरसायकलला अॅडव्हेंचर मोटरसायकल म्हणतात. लांब सस्पेन्शन, उंच बैठक आणि पुढे १९ किंवा २१ इंची चाक ही तिची ओळख. पक्क्या आणि कच्च्या रस्त्याला लागणारे गुण इंजिनात व सस्पेन्शनमध्ये बऱ्यापैकी जुळवून घेता येतात, टायरमध्ये येत नाहीत. डांबरावर रबर जितके सलग टेकेल तितके चांगले. चिखलात ते जितके तुटक असेल तितके चांगले. त्यामुळे तीच गाडी टायर बदलताच वेगळी वागते, आणि या गाड्यांसाठी टायर निवडताना इतर मोटरसायकलींपेक्षा जास्त विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून निघून जानेवारी १९७९ मध्ये डाकारला पोहोचलेल्या पहिल्या पॅरिस–डाकार रॅलीने वाळवंट ओलांडणाऱ्या मोटरसायकलींची ओढ युरोपात पसरवली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही सुमारे ८०० सीसीची गाडी आणली आणि १९८१ मध्ये ह्युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर ही रॅली जिंकली. तोवर कच्च्या रस्त्याचे टायर मुख्यतः हलक्या, एका सिलिंडरच्या गाड्यांसाठी बनत. ताशी १६० किमीच्या पुढे जाणारी, दोन माणसे आणि सामान वाहणारी गाडी त्यांना पेलवणारी नव्हती. वेगात अशा टायरवरचे रबराचे उंच ठोकळे तापतात, डुलतात आणि लवकर झिजतात. कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८०, हायडेनाउचा के ६० स्काउट, मेट्झेलरचे टूरान्स आणि करू, मिशेलिनचे अॅनाकी हे टायर पक्का आणि कच्चा रस्ता या दोन टोकांमधली जागा निरनिराळ्या प्रकारे भरतात.

भारतात हीरो इम्पल्स (२०११) ही या वाटेवरची लवकरची गाडी. खरी मागणी वाढली ती रॉयल एन्फील्ड हिमालयन (२०१६), हीरो एक्सपल्स २०० (२०१९) आणि पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० अॅडव्हेंचर (२०२०) यांच्यामुळे. सिएट आणि एमआरएफसारख्या देशी कंपन्यांनीही मग या मापांकडे लक्ष दिले.

पकड कुठून येते

कोरड्या डांबरावर रबर खडीच्या बारीक उंचसखलपणात दबून अडकते आणि काही प्रमाणात पृष्ठभागाला चिकटतेही. सुट्या, उंच ठोकळ्यांचा टायर (दुकानात याला बटन टायर म्हणतात) इथे दोन बाजूंनी कमी पडतो. जमिनीला टेकणारे क्षेत्र कमी, आणि ब्रेक दाबला किंवा गाडी वळणात कलली की ठोकळे वाकतात. गाडी खालून सरकल्यासारखी वाटते ती यामुळे. रस्ता ओला असेल तर खाचांनी पाणी बाहेर काढायचे असते, शिवाय थंड पृष्ठभागावरही रबर लवचीक राहावे लागते. त्यासाठी चांगल्या टायरच्या मिश्रणात सिलिका घालतात. ओल्या डांबरावरची पकड नक्षीइतकीच, बहुधा नक्षीपेक्षा जास्त, या मिश्रणावर ठरते. दुकानात टायर पाहताना डोळ्यांना नक्षी दिसते, मिश्रण दिसत नाही. निवड चुकते ती बहुतेकदा इथेच.

चिखलात हिशेब उलटतो. ठोकळे मऊ थरात रुतून खालच्या घट्ट थराला टेकतात, आणि त्यांच्यामधल्या फटी पुरेशा मोठ्या असतील तरच चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. फटी भरल्या की टायर गुळगुळीत झाला. याला मर्यादाही आहे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती भिजली की ती कुठल्याही नक्षीत गच्च बसते, मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये साचून चाकच जाम करते. तिथे टायर बदलून फारसे साधत नाही. वाळूत पुढचे चाक न रुतता वर राहणे महत्त्वाचे, म्हणून हवा कमी करून टायर पसरवतात, आणि मागच्या टायरचे आडवे ठोकळे वाळू मागे लोटून गाडी पुढे ढकलतात. खडकावर पुन्हा वेगळी गोष्ट: तिथे ठोकळ्यांपेक्षा मऊ रबर आणि दगडाचा आकार घेणारा लवचीक सांगाडा कामाला येतो. पावसाळ्यात भिजलेला जांभा किंवा शेवाळलेला बेसाल्ट यांवर उंच ठोकळ्यांची काठावरची पकड फसवी ठरते.

शंभरातले किती

कंपन्या टायरचे वर्णन ८०/२०, ५०/५०, ३०/७० असे करतात. पहिला आकडा पक्क्या रस्त्याचा, दुसरा कच्च्याचा. हे प्रमाणित मोजमाप नाही. एका कंपनीचा ५०/५० आणि दुसरीचा ५०/५० यांत मोठा फरक असू शकतो, आणि टायर निम्मा झिजल्यावर तो आकडा फक्त कागदावरच उरतो. तरीही सुरुवातीची चाळणी म्हणून तो उपयोगी आहे. मात्र त्यात स्वतःचे किलोमीटर प्रामाणिकपणे भरले पाहिजेत.

इथे महाराष्ट्रापुरते एक मत ठामपणे नोंदवणे आवश्यक आहे. अॅडव्हेंचर गाडी घेताना डोळ्यांसमोर लडाख असते: खारदुंग ला किंवा १९,००० फुटांवरचा उमलिंग ला. पण त्या मार्गांचाही मोठा भाग सीमा सडक संघटनेने बांधलेला पक्का रस्ता आहे, आणि मुंबई-पुण्याचा चालक वर्षभरात जे अंतर कापतो त्यातले बहुतेक डांबर आणि काँक्रीटच असते. त्यातले सगळ्यात धोक्याचे तास जून ते सप्टेंबरमधले: ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, आंबोलीसारख्या घाटांत धुके, वळणावर वाहून आलेली माती, ट्रकमधून सांडलेले डिझेल आणि कोकणातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर धरलेले शेवाळ. अशा उतारावर अचानक ब्रेक लावताना बटन टायर थांबायला जास्त अंतर घेतो, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) टायरची पकड वाढवत नाही, आहे तेवढीच वापरते. म्हणून इथल्या बहुतेकांनी ओल्या रस्त्यावर चांगला ठरलेला ८०/२० किंवा ७०/३० टायर गाडीला ठेवावा. किल्ल्याच्या पायथ्याची मुरुमाची वाट, शेतरस्ता किंवा स्पितीतली खडी हे सगळे तो हवा थोडी कमी करून आणि वेग आवरून पार करतो. ज्यांचा मुक्काम खरोखरच चिखलात किंवा वाळूत असतो, जे प्रशिक्षण घेतात किंवा रॅलीत उतरतात, त्यांनी ५०/५०च्या पुढे जावे, आणि पावसाळी घाटात त्याची किंमत मोजायची तयारी ठेवावी.

पुढे एक आणि मागे दुसरा टायर ही पद्धतही रूढ आहे, आणि तिच्यामागे पक्के कारण आहे. कच्च्या रस्त्यावर मागचे चाक घसरले तर गाडी बहुधा सावरता येते. पुढचे घसरले तर चालक खाली येतो. शिवाय मागचा टायर इंजिनाची ताकद आणि सामानाचे वजन सोसून लवकर झिजतो. म्हणून पुढे टीकेसी ८०सारखा जास्त ठोकळ्यांचा आणि मागे के ६०सारखा टिकाऊ टायर अशी जोडी जगभर फिरणारे लोक लावतात. दोन्हींपैकी एक रेडियल (आतले धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे) आणि एक बायस प्लाय (धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) असेल, तर अशी जोडी गाडीच्या कंपनीला मान्य आहे की नाही हे आधी पाहावे.

माप आणि अक्षरे

पहिल्या हिमालयनच्या पुढच्या टायरवर ९०/९०-२१ असे माप असते. रुंदी ९० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ८१ मिमी, रिम २१ इंच. मधली आडवी रेघ बायस प्लाय दाखवते; तिथे आर असेल तर टायर रेडियल. पुढे येणारा आकडा भाराचा आणि अक्षर वेगाचे: ५४ म्हणजे २१२ किलो, ६५ म्हणजे २९० किलो, क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस १८०, टी १९०, एच २१०. पेट्या, तंबू आणि मागे माणूस घेऊन निघणाऱ्यांनी भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नये.

रुंद टायर भारदस्त दिसतो म्हणून ठरल्यापेक्षा मोठा बसवणे ही वाईट सवय आहे. अरुंद रिमवर रुंद टायर दाबला जाऊन त्याचा माथा गोलसर होतो, कलताना टेकणारी जागा बिघडते, चेन किंवा स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला) तो घासू शकतो, आणि घेर बदलल्याने वेगदर्शकाचा आकडाही चुकतो.

मापच निवड ठरवते, हे गाडी घेतानाच लक्षात घ्यावे. २१ इंची पुढचे चाक खड्डे आणि दगड सहज ओलांडते, १९ इंची वळणात चपळ असते. एक्सपल्सचे मागचे चाक १८ इंची (१२०/८०), नव्या हिमालयन ४५०चे १७ इंची (१४०/८०), आणि प्रत्येक मापात मिळणारे टायर वेगवेगळे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे, आणि जून २०२० मध्ये मोटरसायकलच्या नव्या टायरची आयात परवान्याच्या कक्षेत आणली गेली. परदेशात गाजलेला टायर इथे सहज मिळत नाही किंवा फार महाग पडतो, त्याचे हे एक कारण.

ट्यूब की ट्यूबलेस

साध्या आऱ्यांच्या रिमला आऱ्यांसाठी भोके असल्यामुळे आत ट्यूब लागते. तारेच्या आऱ्या दगडाचा मार सोसतात, वाकलेली रिम सरळ करता येते. पण पंक्चर झाले की चाक काढा, लिव्हरने टायर उतरवा, ट्यूब बदला, हे सगळे रस्त्याकडेला करावे लागते. ओतीव मिश्रधातूच्या चाकावर ट्यूबलेस टायर बसतो. खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते आणि भोकात रबराची चिकट पट्टी (स्ट्रिप) घालून चाक न काढता काम भागते. मोठ्या दगडावर आपटून अशी रिम तडकली तर मात्र पंक्चरवाल्याच्या हातात काही उरत नाही. आऱ्या रिमच्या कडेला जोडून दोन्ही फायदे साधणारी ट्यूबलेस चाके बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेत बरीच वर्षे आहेत; हिमालयन ४५०लाही आता ती मिळतात. टायरची बाजू फाटली असेल तर स्ट्रिप हा इलाज नाही. तशा टायरवर फार तर जवळचे गाव गाठावे.

हवा

कच्च्या रस्त्यावर हवा कमी केली की टायरचा टेकणारा भाग लांबतो आणि तो दगडांवर उसळत नाही. रस्त्यावर ३०–३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असेल तर भारी गाडीसाठी २२–२५पर्यंत उतरणे सर्वसाधारण आहे. त्याहून खाली गेल्यास ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटून दोन जागी फुटते, आणि ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटू शकते. डांबरावर परत येताच हवा भरलीच पाहिजे, नाहीतर टायर तापतो. म्हणून छोटा पंप सोबत असावा.

उंचीचा परिणाम अनेकांना गोंधळात टाकतो. समुद्रसपाटीला ३३ पीएसआय भरून कोणी ५,००० मीटरवर गेला, तर बाहेरचा दाब जवळपास निम्मा झाल्याने तापमान तेच असताना मापक सुमारे ४० दाखवेल. पण वर थंडी असते. टायर ३५ अंशांवरून ५ अंशांवर आला तर आकडा पुन्हा ३५च्या आसपास येतो. म्हणजे दुपारच्या उन्हात खिंडीत मोजलेला दाब आणि पहाटे तंबूबाहेर मोजलेला दाब यांत चांगलाच फरक पडेल. सकाळी, गाडी हलण्याआधी, त्याच ठिकाणी मोजून दुरुस्त करणे हा त्यावरचा साधा उपाय.

वय आणि झीज

भारी गाडीच्या मागच्या ५०/५० टायरची नक्षी साधारण ५,००० ते ८,००० किमीत संपते. रस्त्याकडे झुकणारा टायर १२,०००च्या पुढेही जातो. हायवेवर ताशी शंभरने दिवसभर पळवल्यास मधला पट्टा आधी सपाट होतो आणि गाडी वळणात झटक्याने कलू लागते. खाचांच्या तळाशी असलेली टीडब्ल्यूआयची (झीज दाखवणारी) उंचवट्याची खूण वरच्या रबराला आली की टायर बदलायचा. गोटा झालेला टायर कोरड्यात चालतो म्हणून पावसाळ्यापर्यंत ओढू नये.

नवा टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी त्याचे रबर कडक होऊ लागलेले असते. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बसवणाऱ्याकडून उलटा जाऊ शकतो, तोही तिथेच तपासावा. नव्या टायरवर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर ओल्या घाटात न जाता कोरड्या रस्त्यावर, हळूहळू कल वाढवत चालवावे.